नर अज्ञात, मादी अज्ञात

हेमलता सोहनींनी आयुष्यात अकरा विंचवांना नावं दिली होती, आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांतली दहा गेली होती. विंचू गेले नव्हते. ते आपापल्या दगडांखाली मजेत होते. नावं गेली होती.

दर दोन-तीन महिन्यांनी संग्रहालयातून पत्र येई. मजकूर ठरलेला. आपण वर्णन केलेली अमुक प्रजाती ही तमुक प्रजातीहून वेगळी नसल्याचं आढळलं आहे, नियमानुसार जुनं नाव कायम राहील, आपल्या योगदानाबद्दल आभार. पहिलं पत्र आलं तेव्हा हेमलताबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. सातवं आलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी उरलेले मटार सोलले.

घरात सांगायला कुणी नव्हतं. लग्न केलं नाही. आई होती तोवर म्हणायची, "हिचं लग्न विंचवांशी लागलंय, आता जावई म्हणून मी कुणाचे पाय धुवायचे?" आई गेली, नोकरी संपली, चिपळूणचा दोन खोल्यांचा फ्लॅट उरला. पूर्वी सोसायटीतली मुलं काड्यापेटीत विंचू घालून आणायची. दार उघडलं की तीन-चार तोंडं एकदम ओरडायची, "विंचूवाल्या आजी, हा कुठला?" आता फोनचा कॅमेरा विंचवावर धरला की नाव, विष, उपाय सगळं तिथंच कळतं. दारावरची बेल त्यामुळे फारशी वाजत नसे.

हे सगळं झालं ते 'वंशवेध' नावाच्या यंत्रामुळे.

विंचू ओळखणं हे पूर्वी डोळ्यांचं काम होतं. विंचवाच्या पोटाखाली दोन बाजूंना दोन कंगवे असतात, जमिनीवर ते फिरवत तो वाट चाचपतो. त्या कंगव्यांचे दात मोजायचे. शेपटीच्या कडांवर मोहरीहून बारीक दाण्यांच्या ओळी असतात, त्या मोजायच्या. चिमट्यांची लांबी-रुंदी घ्यायची. एका विंचवाला एक दुपार लागे. डीएनएची तपासणी पुढे आली, पण तिच्यासाठी विंचवाचा पाय तोडावा लागे. आणि स्पिरिटच्या बरणीत तीस-चाळीस वर्षं पडलेल्या विंचवाचा पाय तोडूनही बहुधा हाती काही लागत नसे, कारण आतल्या डीएनएचा पार भुगा झालेला असे.

वंशवेधनं नेमकी हीच अडचण सोडवली. लोणच्याचा रंग जसा खारात उतरतो, तसा विंचवाचा डीएनए बरणीतल्या स्पिरिटमध्ये कणाकणानं उतरलेला असतो. यंत्र त्या स्पिरिटचा एक थेंब घेई, त्यातले लाखो तुकडे वाचून एकमेकांना जोडी, आणि त्या विंचवाची वंशावळ पुढ्यात मांडी. दुसऱ्या बाजूनं क्ष-किरणांनी त्याच विंचवाची बाराशे मापं घेई. मग दिसणं आणि वंश हे दोन पुरावे शेजारी शेजारी ठेवून निकाल देई. अडीच वर्षांत त्यानं संग्रहालयातली विंचवांची सगळी कपाटं नव्यानं लावली. हेमलताबाईंना त्याच कामाला एकतीस वर्षं लागली होती.

यंत्राला नावं ठेवण्याचीही सोय नव्हती. आता तालुक्याच्या दवाखान्यात डंखाच्या जागी कापूस फिरवला की दहा मिनिटांत कळे, कुठल्या विंचवाचं विष आहे आणि कुठलं औषध द्यायचं. कोकणातली किती पोरं त्यामुळे वाचली. हेमलताबाईंनी तरुणपणी अशी पोरं जाताना पाहिली होती. त्या गप्प बसत त्या म्हणूनच.

एप्रिलच्या शेवटी अकरावं पत्र आलं. या वेळी पत्रापाठोपाठ फोनही आला. संग्रहालयातली नीरजा वाघधरे होती. चाळिशीतली, कामाची, वंशवेध विभागाची प्रमुख.

"मॅडम, पत्र मिळालं?"

"मिळालं. अजून उघडलं नाही. कामेरकरी ना? कोणात घातलीत तिला?"

'कामेरकरी' ही त्यांनी नाव दिलेली शेवटची उरलेली प्रजाती. पुढचं लांबलचक लॅटिन सोडून देऊ. त्यांच्या गुरूंच्या, कामेरकर सरांच्या नावावरून ठेवलेलं नाव.

"तीच पंचाईत झालीय मॅडम. ती आणि 'हेमलताए', म्हणजे मयेकर मॅडमनी तुमच्या नावावरून ठेवलेली, या दोन्ही एकच निघाल्या. तुमच्या बरण्यांतल्या सगळ्या माद्या आहेत. आणि त्यांच्या बरण्यांतले सगळे नर."

हेमलताबाईंनी हातातलं पाकीट उलटं करून ठेवलं.

"मॅडम, तुमच्या वर्णनात शेवटी तुम्ही लिहिलंय, नर अज्ञात. आणि त्यांनी लिहिलंय, मादी अज्ञात." नीरजाला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यावर नेलं. "सॉरी."

"बरण्या एकाच कपाटात होत्या. स्पिरिट बदलताना मिसळलं असेल."

"तीनदा तपासलंय. वंश एकच आहे."

फोन ठेवल्यावर हेमलताबाई खुर्चीत बसून राहिल्या. इतकी ढोबळ चूक! विंचवाचा नर निराळा दिसतो, सडपातळ, लांब चिमट्यांचा, कंगव्याला जास्त दात असलेला, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. पण चूक झाली कशी हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. ती त्यांच्या काम करण्याच्या रीतीतच होती.

त्या आणि कुंदा मयेकर, दोघी कामेरकर सरांच्या विद्यार्थिनी. पहिल्याच वर्षी कोंडसरच्या सड्यावर, त्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कुंदानं एक दगड उचलला आणि लाल विंचवानं तिच्या अंगठ्यापाशी नांगी मारली. हेमलतेनं तिला दीड मैल पाठुंगळी आणली. पुढे होडी, पुढे जीप. दोन दिवस कुंदाचं अंग घामानं निथळत होतं आणि काळीज भात्यासारखं चाललं होतं. त्यातून ती उठली, पण दगडाखाली हात घालायचं तिनं सोडलं ते कायमचं. ती श्रीखंडाचे रिकामे डबे जमिनीच्या पातळीत पुरून ठेवू लागली. मे महिन्याच्या सुट्टीत खाडीपलीकडे आपल्या गावी, तेरवणच्या सड्यावर, शंभर-शंभर डबे पुरायची. मे महिन्यात माद्यांच्या शोधात भटकतात ते नर. तेच डब्यात पडायचे. मादी घर सोडत नाही.

हेमलतेचा या डब्यांवर विश्वास नव्हता. विंचवाला भेटायचं तर त्याच्या घरी जाऊन भेटावं, असं तिचं म्हणणं. ती थंडीत कोंडसरच्या सड्यावर दगड उलथे. त्या दिवसांत दगडाखाली फक्त माद्या असतात, कारण या प्रजातीचे नर पावसाळ्याच्या तोंडाशी मरून गेलेले असतात.

एकीला आयुष्यात मादीच भेटली, दुसरीला नरच. आणि मध्ये खाडी.

पत्रात आणखी एक कलम होतं. दोन नावांतलं जुनं ते राहतं. पण ही दोन्ही नावं एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, एकाच तारखेला छापली गेली होती. जुनं-नवं ठरवायला यंत्राजवळ काही नव्हतं. अशा वेळी नव्या नियमाप्रमाणे दोन्ही नावांचे जनक हयात असले तर त्यांनी तीस दिवसांत, एकमेकांना न दाखवता, एकेक नाव निवडून कळवायचं. दोघांनी एकच नाव निवडलं तर ते राहील. निवडी वेगळ्या निघाल्या, किंवा एकानंही कळवलं नाही, तर दोन्ही नावं रद्द होऊन प्रजातीला क्रमांक मिळेल. एकदा क्रमांक मिळाला की बदल नाही. अशा क्रमांकाच्या शेकडो प्रजाती आताच झाल्या होत्या. भांडखोर शास्त्रज्ञांचा वैताग आला म्हणून समितीनं हा नियम केला, असं म्हणत.

म्हणजे कुंदाशी बोलणं भाग होतं. एकेचाळीस वर्षांनी.

तेरवणची एसटी विजेवरची, आवाज न करणारी. खाडीवर पूल होऊन सोळा वर्षं झाली होती. हेमलताबाई त्यावरून पहिल्यांदाच जात होत्या.

कुंदा अंगणात कोकमं फोडत बसली होती. हात कोपरापर्यंत लाल. केस पांढरे फक्क, अंग वाळलेलं, पण मान तशीच ताठ. गावातल्या हायस्कुलात सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली होती. फाटक वाजल्यावर तिनं वर पाहिलं, चष्मा मनगटानं वर सरकवला, आणि पुन्हा खाली पाहून पुढचं कोकम घेतलं.

"पूल मोडला असेल असं वाटलं होतं मला. दिसतोय तर शाबूत."

"कुंदे..."

"चपला बाहेर काढ. शेणानं सारवलंय. बस. पाणी त्या कळशीत आहे, माझे हात भरलेत."

हेमलताबाईंनी पाणी घेतलं आणि पायरीवर बसल्या. बोलायचं म्हणून चार वाक्यं त्यांनी गाडीत जुळवून आणली होती, त्यांतलं एकही आठवेना.

"पत्र आलं का तुला?"

"आलं. वाचलं. म्हटलं, ही येणार." कुंदानं बिया एका बाजूला टाकल्या. "तुझ्या दहा गेल्या म्हणे."

"तुला कसं ठाऊक?"

"यादी निघते दर महिन्याला. वाचते मी. म्हातारपणी लोक श्रद्धांजल्या वाचतात, मी ती वाचते. तुझी ती वेंगुर्ल्याची काळी गेली तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं. सुरेख वर्णन केलं होतंस तिचं."

कुंदा आपली वर्णनं वाचत होती, हे हेमलताबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा पाणी घेतलं.

"चूक आपल्या दोघींची आहे," त्या म्हणाल्या.

"दोघींची नाही. तुझी. लेख एक असता तर ही चूक झालीच नसती."

हे ऐकावं लागणार हे ठाऊक असूनही ते लागलं. कारण ते खरं होतं. दोघींचा लेख एकच असायचा होता. दोन प्रजाती, दोघींची नावं, आणि शेवटी दोन्ही विंचवांच्या मापांचा एक तुलनेचा तक्ता. तो तक्ता मांडताना कुणा ना कुणाच्या डोळ्यांत ते आलंच असतं. पण कामेरकर सर म्हणाले, दोन स्वतंत्र लेख करा, नोकरीच्या अर्जाला दोघींनाही बरं. हेमलतेला ते पटलं. कुंदा तेव्हा गावी होती, तिचे वडील आजारी. हेमलतेनं लेख दुभागला, तक्ता काढून टाकला, आपल्या विंचवाला सरांचं नाव दिलं, आणि दोन्ही लेख पोस्टात टाकले. कुंदाला कळलं ते छापून आल्यावर.

"तुझं भलं व्हावं म्हणूनच केलं होतं गं मी," हेमलताबाई म्हणाल्या.

"माहितीय. माझं भलं करताना मला विचारायचं नसतं, हे त्या दिवशी कळलं मला." कुंदाच्या आवाजात राग नव्हता. वर्गात हजेरी घ्यावी तसा आवाज होता. "सगळ्यांना वाटलं, हेमानं माझ्याऐवजी सरांचं नाव दिलं म्हणून कुंदा रुसली. कामेरकरांनाही तसंच वाटलं, खूश झाला असेल म्हातारा. मला त्याचं काही नव्हतं. मी तुझ्या घरी तीन आठवडे वाट पाहत होते, तुझ्या पत्राची. म्हणजे माझ्या घरी. बघ, आता शब्दही धड लागत नाहीत."

तिनं आणखी दोन-तीन कोकमं फोडली.

मग कुंदा म्हणाली, "मला बत्तीस वर्षांपूर्वीच कळलं होतं."

"काय?"

"ही दोन नाहीत, एक आहे. मे महिन्यात, तिन्हीसांजेला, सड्यावर डबे बघायला गेले होते. समोर कातळावर जोडी. नरानं तिचे दोन्ही चिमटे आपल्या चिमट्यांत धरलेले, आणि तिला घेऊन मागे-पुढे, मागे-पुढे. तुला माहितीय ना, नाचतात ते. नर माझा होता. आणि मादी, हेमा, तुझी. ती रुंद बोटं, तो करडा रंग, मी छापलेल्या चित्रातून ओळखली. पाऊण तास बघत बसले. दिसेनासं झालं तेव्हा उठले."

"आणि सांगितलं नाहीस? कुठं लिहिलं नाहीस?"

"वहीत लिहिलंय, तारीख घालून. सांगायचं कुणाला?" कुंदानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "छापलं असतं तर तू लगेच आली असतीस, भांडायला. तशी नको होतीस मला. म्हटलं, विचारायला येईल कधीतरी. कुंदे, तुझ्याकडे काय दिसलं या वर्षी, एवढंच. बत्तीस मे गेले."

हेमलताबाईंना बरंच काही म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "नावाचं काय करायचं?"

"हां. आली मुद्द्यावर." कुंदा हसली. "कामेरकरी ठेव."

"छे! हेमलताए राहू दे. मी तेच सांगायला आलेय."

"स्वतःचं नाव ठेवा म्हणून सांगायला पूल ओलांडून आलीस? शाबास!"

"तसं नाही गं! ते तू दिलेलं नाव आहे. तुझी ती एकच आहे."

"आणि तुझीही आता एकच आहे. माझं काय, माझ्या हाताखालून अडीच हजार पोरं गेली, बाजारात दहाजण नमस्कार करतात. तुला त्या चिपळुणात कोण ओळखतं? तुझं सगळं त्या बरण्यांतच होतं. अकरातलं एक तरी राहू दे." मग एकदम कोरडं, "शिवाय मीच नाव दिलं होतं, मीच मागे घेते. दिलेलं परत घ्यायचा हक्क आहे मला. वाद नको. कामेरकरी. ठरलं?"

हेमलताबाईंनी मान हलवली.

"मान नको हलवू. तोंडानं बोल. मास्तरीण आहे मी."

"ठरलं," हेमलताबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्यांच्या मांडीवर कोकमांची पिशवी होती. कितीतरी वर्षांनी पिशवी भरून कुणी काही दिलं होतं.

पंचवीस दिवस त्यांनी काही केलं नाही. तो फॉर्म पडद्यावर उघडायचा आणि मिटायचा. दोन चौकोन, एकावर खूण करायची, बस्स. पण मन ऐकेना. कुंदा असं का म्हणाली, हे त्यांना कळत होतं. तिनं दया केली होती. जन्मभर एकच प्रजाती, तीही दुसरीच्या नावानं, आणि ती पुसून टाकायला ती कोकमं फोडता फोडता तयार झाली. उद्या कुणी यादी उघडली तर तिथं लिहिलेलं असेल: कामेरकरी, वर्णन सोहनी. मयेकर कुठेच नाही. बत्तीस वर्षांपूर्वी जिला सगळं दिसलं होतं, तिचंच नाव कुठे नाही.

हे बरोबर नव्हतं. एकदा आपल्या हातून अन्याय झाला. त्याची भरपाई करायची ही एकच संधी होती. आपलं गेलं तर जाऊ दे. दहा गेली, अकरावंही जाईल. कुंदाचं राहिलं पाहिजे. कुंदाला निकालाच्या दिवशी कळेल, आपलं नाव राहिलं म्हणून. काय चेहरा होईल तिचा! या विचारानं हेमलताबाईंना इतकं हलकं वाटलं की त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, दोन वेळचा भात एकदमच लावला, आणि परत येऊन दुपारी बाराच्या सुमारास 'हेमलताए'च्या चौकोनात खूण करून फॉर्म पाठवून दिला.

एवढ्या हुशार बाई. चाळीस वर्षं नर-मादी मोजलेल्या. कुंदानं आधीच 'कामेरकरी'वर खूण करून फॉर्म पाठवला असेल, कारण तसं ठरलं होतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कुंदाच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांनी बघितला, तिची खूण बघितली नाही.

चार दिवसांनी पत्र आलं. निवडी जुळलेल्या नाहीत. 'कामेरकरी' आणि 'हेमलताए' ही दोन्ही नावं रद्द करण्यात येत आहेत. या प्रजातीचा क्रमांक: वृ-४४१७. आपल्या योगदानाबद्दल आभार.

त्या पत्राकडे बघत असतानाच फोन वाजला.

"हेमा. तू काय निवडलंस?"

"तुझं."

कुंदाचा श्वास ऐकू आला.

"आपलं काय ठरलं होतं?"

"कुंदे, मला वाटलं..."

"तुला वाटलं. बरोबर. तुला नेहमी वाटतंच. मी त्याच दिवशी पाठवून दिलं होतं. तू गेल्या गेल्या, हात धुऊन. ठरलं म्हणालीस ना तोंडानं, मग म्हटलं ठरलं. मी मूर्ख आहे."

"मी नीरजाला फोन करते. सांगते तिला, माझी चूक झाली, माझी निवड बदला म्हणून..."

"बघ. परत. विचारलंस मला, की बदलायचंय का?" आणि फोन बंद झाला.

हेमलताबाईंनी तरी नीरजाला फोन केला. नीरजा हळहळली, मनापासून हळहळली, पण नियम नियम होता. "मॅडम, एक सांगू का? क्रमांकानं प्रजातीला काही फरक पडत नाही. वर्णन राहतंच."

"हो," हेमलताबाई म्हणाल्या. "विंचवाला काहीच फरक पडत नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी आपला जुना लेख काढला. एकेचाळीस वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला. कंगव्याचे दात अठरा ते वीस. चिमटे रुंद, रंग करडा. आढळ: कोंडसरचा सडा. आणि शेवटी, नर अज्ञात. इतकी वर्षं त्या ओळीत त्यांना काही खुपलं नव्हतं. शास्त्रात अज्ञात म्हणजे अजून सापडलेलं नाही, इतकंच. शोधायला खाडी ओलांडायला हवी होती, आणि पलीकडे जिला ठाऊक होतं तिला एक प्रश्न विचारायला हवा होता. त्यांना मग आपल्या एकटेपणाचा नीट हिशेब लागला. लोक सोडून गेले नव्हते. त्यांनी प्रत्येकाच्या वतीनं आधीच सगळं ठरवून टाकलं होतं. मग लोकांना येऊन बोलण्यासारखं काही उरत नसे. आईनं शेवटी गावी जायचं म्हटलं होतं, तेही त्यांनीच ठरवलं होतं, की तिथे डॉक्टर नाही, इथेच बरं.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीत बसल्या. या वेळी वाक्यं जुळवली नाहीत.

कुंदा दारात उभी होती, कुठेतरी निघालेली. हातात काठी, डोक्याला रुमाल, खांद्यावर झोळी.

"काय ठरवून आलीस?" फाटकातूनच तिनं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही गं. आले नुसती."

कुंदानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कंगव्याचे दात मोजत असल्यासारखं. मग म्हणाली, "चौरेचाळीस-सतरा. काय नाव आहे! एसटीचा नंबर वाटतो."

हेमलताबाईंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. त्यांनी पदरानं चष्मा पुसला. कुंदानं ते न पाहिल्यासारखं केलं.

"हे बघ," ती म्हणाली, "मी सड्यावर निघालेय. महिना संपत आला, नर आता आठ-दहा दिवसच दिसतील. जोडी दिसेलच असं नाही. गेली चार वर्षं मला दिसलेली नाही, माझे डोळेही गेलेत. चढ आहे. दोनदा बसावं लागेल. पाणी घेतलंय, दोघींना पुरेल. परतायला दिवेलागण होईल, म्हणजे तुझी शेवटची गाडी चुकेल आणि इथंच राहावं लागेल. सगळं सांगितलं. आता विचारते. येतेस?"

कितीतरी वर्षांत हेमलताबाईंना कुणी काही विचारलं नव्हतं.

"येते," त्या म्हणाल्या.